किरकोळ दुरुस्ती

देवपुरात पहाटेचे तीन वाजून दहा.
पांझरेच्या पुलावरून एक ट्रक गेला, मग काहीच नाही.
पडद्यावर अकरा देशांतली चार हजार यंत्रं
एकमेकांना ओळख विचारतायत.
एक तेवढं गप्प. क्राकोमधलं.
प्रमाणपत्राची मुदत संपलीय त्याच्या.
मालगोझाताला निरोप टाकला:
तारीख बघ. तिकडे अजून काल संपलेला नाही.

मी काय काम करते, हे घरी विचारणं आता बंद झालंय.
वादळाचं गणित मांडते तैपेईची यी-चुन.
यंत्रं ज्यांची त्यांची.
वीजसुद्धा त्यांचीच, आमच्याकडची मंगळवारी भरवशाची नसते.
मी मधली.
एकाकडे गणित आहे, एकाकडे रिकामं यंत्र,
त्यांच्यामधल्या चिखलात घोट्यापर्यंत उभी.
नीट चाललं तर मी नसतेच.
अडलं की तीन भाषांत शिव्या येतात,
सभ्य शिव्या, खाली सही असलेल्या.

यी-चुनने शिवीही दिली नाही. तिने विचारलं,
घाई नाही, पण माझं काम हरवलंय का?
हरवलं नव्हतं. नऊ दिवस रांगेत होतं.
तिला एकदम सहाशे यंत्रं हवी होती,
आणि चाळीस मोकळी झाली रे झाली
की चाळीसवाले बारके मध्ये घुसत होते.
नियमाने घुसत होते.
नियम चौदा वर्षांपूर्वीचा, वर कुणी प. ह. यांची टीप:
हे तात्पुरतं आहे.

त्या रात्री तिचं काम मी हाताने पुढे ढकललं.
रात्री पाट फोडण्यातलाच प्रकार.
नोंदवहीत लिहून ठेवलं, स्वतःच्या नावाने.

सामोड्याचे हिलाल आप्पा फडावर पाटकरी होते.
दिवाळीत त्यांनी विचारलं होतं,
माय, तू नेमकं काय काम करस?
मी सांगत गेले, हात हलवत, रांग, वाटप, कुणाला किती.
त्यांनी तंबाखू मळली, थुंकले, म्हणाले,
मंग तू बी पाटकरीच ना.
आणि बऱ्याच वेळाने, दुसऱ्याच विषयावर असताना,
शेवटला वावरले पानी पोचनं, ते पाट चांगला.
वरला वावरनं काय, तठे ते पोचसच.

मग तीन आठवडे मी तेवढंच लिहीत बसले.
थांबलेल्या कामाला तासागणिक वजन.
सात दिवस झाले की मोकळं होणारं यंत्र
त्याच्यासाठी अडवून धरायचं,
सहाशे भरेपर्यंत. वरची दारं बंद.
एक्केचाळीस चाचण्या कोसळल्या.
ग्लासगोचा यूअन बैठकीत तापला,
यंत्रं रिकामी ठेवायची? मुद्दाम? हिशोब कोण देणार?
त्याचं चुकत नव्हतं.
पाणी शेवटापर्यंत जाताना वाटेत जमीन पितेच,
ते कुणाच्या खात्यावर टाकायचं, मलाही माहीत नाही.
हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना.
मी आकडे दाखवले. तो म्हणाला, बरं. एक महिना.

आज पहाटे ते सगळीकडे चढलं.
बदलांच्या यादीत ओळ क्रमांक सतरा:
रांगेच्या नियमात किरकोळ दुरुस्ती.
पाच चाळीसला यी-चुनचं दुसरं वादळ सुरू झालं,
यावेळी कुणी न ढकलता.
तिने फक्त कळवलं, सुरू झालं.
कसं, ते विचारलं नाही. का विचारावं?

प. ह. यांची टीप मी पुसली नाही.
खाली माझी दोन अक्षरं, आणि एक शब्द:
हेही.

क्राको पुन्हा गप्प आहे, आता वेगळ्या कारणाने.
ते उघडून बघणार, तेवढ्यात
मोरीतला नळ खरखरला, हवा ओकला.
सहा दिवसांनी आमच्या गल्लीची पाळी,
आणि आमचं घर शेवटचं.
बादली लावून उभी राहिले.